बटण, अर्ज आणि नोंद

नीरा उजव्या कालव्याचे पाणी माळशिरस तालुक्याच्या शिवारात फिरू लागल्यापासून तेथे उसाबरोबर दप्तरेही वाढत गेली. १९३० च्या दशकात सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी माळीनगरला उभा केलेला साखर कारखाना, पुढे शंकरनगर-अकलूज आणि सदाशिवनगर येथे निघालेले सहकारी कारखाने, त्यांच्या अवतीभोवती वाढलेल्या पतसंस्था, दूध संकलन केंद्रे, विकास सोसायट्या आणि शाळा, यांपैकी प्रत्येक ठिकाणी कुणाच्या तरी नावापुढे काहीतरी लिहिलेले असते आणि ते कधी ना कधी बदलावे लागते. हे बदल पूर्वी वहीत होत. आता पुष्कळ ठिकाणी ते संगणकाच्या पडद्यावर होतात, आणि त्यासाठी लागणारा लहानसा प्रोग्राम बहुधा जवळपासच्या एखाद्या महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणाने पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांच्या साहाय्याने लिहिलेला असतो, कारण ही दोन्ही साधने विनामूल्य आहेत, स्वस्तातल्या स्वस्त होस्टिंगवर चालतात आणि थोडक्या अभ्यासाने हाती येतात.

अशा तरुणापुढे पहिल्याच आठवड्यात जो प्रश्न उभा राहतो त्याचाच हा आढावा आहे. एकाच पानावर नोंद दाखवायची, तिच्याखाली ‘जतन करा’ असे बटण ठेवायचे, ते दाबल्यावर त्याच पानाने डेटाबेसमध्ये बदल करायचा आणि बदललेली नोंद पुन्हा त्याच पानावर दाखवायची, हे सर्व नीट कसे घडवून आणावे? प्रश्न नवशिक्याचा समजला जातो आणि त्याचे उत्तर तीन ओळींत देण्याचा प्रघात आहे. परंतु त्या तीन ओळींच्या भरवशावर शेतकऱ्याची लागण तारीख, सभासदाची ठेव किंवा विद्यार्थ्याची जन्मतारीख सोपवावी काय, असा विचार मनात आला म्हणजे ते उत्तर अपुरे वाटू लागते. माझ्या मते साऱ्या गोंधळाचे मूळ एकाच गैरसमजात आहे: बटण दाबणे म्हणजे नोंद करणे असे आपण धरून चालतो. वस्तुतः बटण दाबणे हा केवळ अर्ज असतो. तो घ्यावा की नाकारावा, आणि घेतल्यास कोणत्या क्रमाने त्याची तजवीज लावावी, हे ठरवणे दप्तराचे काम आहे.

व्हिज्युअल बेसिकसारख्या साधनांवर ज्यांचा हात बसला त्यांना बटणाच्या पाठीमागे थेट आज्ञा लिहिण्याची सवय होती. बटण दाबले की आज्ञा तेथल्या तेथे अमलात येत असे. वेबवर तसे घडत नाही. पीएचपीचा प्रोग्राम सर्व्हरवर चालतो, पान तयार करतो, ते ब्राउझरच्या स्वाधीन करतो आणि संपतो. अकलूजच्या एखाद्या कचेरीत बसलेला लिपिक ते पान पाहत असतो तेव्हा ज्या प्रोग्रामाने ते निर्माण केले तो अस्तित्वातही नसतो. लिपिकाने बटण दाबले की ब्राउझर चौकटींतील मजकूर गोळा करून सर्व्हरकडे नवी विनंती पाठवतो, आणि तीच फाइल, पूर्वीचे काहीही न आठवता, पहिल्या ओळीपासून पुन्हा चालू लागते. म्हणजे एकच पान दोन वेगळ्या कामांसाठी दोनदा चालते: एकदा दाखवण्यासाठी, एकदा स्वीकारण्यासाठी. यापैकी या खेपेस कोणते काम आहे, हे फाइलीच्या माथ्यावरच ठरले पाहिजे. ही एक गोष्ट मनात पक्की झाली की ‘बटणाला पीएचपीचे फंक्शन कसे जोडावे’ हा प्रश्नच उरत नाही.

दाखवणे आणि स्वीकारणे एकाच फाइलीत ठेवण्याची खोड या भाषेला जन्मापासूनची आहे. रासमुस लेर्डॉर्फ याने १९९४ मध्ये स्वतःच्या पानासाठी काही लहान साधने लिहिली आणि जून १९९५ मध्ये ती सर्वांना खुली केली; पुढच्या आवृत्तीच्या नावातच अर्ज-नमुन्यांचा अर्थ लावणारे साधन असा उल्लेख होता. पानाच्या मजकुरातच आज्ञा पेराव्यात, ही त्यामागील कल्पना. झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स यांनी १९९८ मध्ये पीएचपीची तिसरी आवृत्ती आणली तेव्हा भाषेचा पाया नव्याने रचला गेला, तरी ती कल्पना कायम राहिली. या सोयीपायी काही धोकेही आत आले. अर्जातील चौकटीचे नाव आपोआप प्रोग्रामातील चलाचे नाव व्हावे, अशी तजवीज एके काळी होती; त्यामुळे बाहेरच्या माणसाला प्रोग्रामाने आधी मूल्य न दिलेल्या कोणत्याही चलात वाटेल ते मूल्य घुसवता येई. ती व्यवस्था २००२ मध्ये मुळात बंद ठेवण्यात आली आणि २०१२ च्या ५.४ आवृत्तीत काढूनच टाकली. मायएसक्यूएलशी बोलण्याची जुनी फंक्शने २०१५ च्या अखेरीस आलेल्या सातव्या आवृत्तीत वगळली गेली. आजही जी क्रमिक टिपणे त्यांच्यावर आधारलेली आहेत ती विद्यार्थ्याच्या हाती देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. समजा, ऊसनोंदीचे एक पान आहे. त्यावर सभासद क्रमांक, गट क्रमांक, क्षेत्र, उसाची जात (आपल्या भागात बहुधा को ८६०३२), हंगाम म्हणजे आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा, आणि लागण तारीख इतक्या चौकटी आहेत. यांतील शेवटची चौकट दिसायला क्षुल्लक आणि परिणामाने सर्वांत भारी, कारण तोडणीचा क्रम लागण तारखेवरून लागतो, आणि तोड महिनाभर लांबली तर उसाचे वजन, उतारा आणि पुढच्या पिकाची वेळ या तिन्हींवर त्याचा परिणाम होतो. ‘तारीख मागे-पुढे झाली’ या तक्रारीवरून गावोगाव किती कटुता येते, हे ऊस पिकवणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. अशा पानावरील ‘जतन करा’ या बटणाचा विचार करताना आपण खेळण्याच्या उदाहरणाचा विचार करीत नाही, हे ध्यानात ठेवावे.

विनंती आली आहे हे कशावरून ओळखावे? पुष्कळ जण बटणाला एक नाव देतात आणि आलेल्या मजकुरात ते नाव आहे काय, एवढेच तपासतात. बहुतेक वेळा हे चालते. जेथे चालत नाही तेथे मात्र दोष सापडता सापडत नाही. बटण दोनदा दाबले जाऊ नये म्हणून कोणी सद्हेतूने अशी व्यवस्था करतो की अर्ज निघताच बटण निष्क्रिय व्हावे. आणि निष्क्रिय झालेल्या घटकाचे नाव ब्राउझर अर्जाबरोबर पाठवीतच नाही. परिणाम असा की अर्ज सर्व्हरवर पोहोचतो, परंतु बटणाचे नाव न दिसल्यामुळे प्रोग्राम त्याला अर्ज मानत नाही, जुनीच नोंद पुन्हा दाखवतो, आणि दोष कोठेच नोंदला जात नाही. त्यापेक्षा विनंतीची पद्धत ‘पोस्ट’ आहे काय, हे प्रथम पाहावे आणि एका पानावर ‘जतन करा’ व ‘रद्द करा’ अशी दोन बटणे असतील तरच बटणाच्या नावाकडे वळावे.

पद्धतीचा हा भेद केवळ तांत्रिक नाही. वेबच्या नियमांत ‘गेट’ ही विनंती केवळ पाहण्यासाठी आहे. तिच्यामुळे दप्तरात काही बदलू नये, असा संकेत आहे. ‘पोस्ट’ ही काहीतरी करण्याची विनंती आहे. हा संकेत मोडल्याचे फळ २००५ मध्ये जगाला दिसले. गूगलने तेव्हा एक साधन काढले होते. वाचकाचा वेळ वाचावा म्हणून ते पानावरील सर्व दुवे आधीच उघडून ठेवत असे. ज्या सेवांनी नोंद काढून टाकण्याची आज्ञा साध्या दुव्यात ठेवली होती, त्यांच्या नोंदी वापरणाऱ्याने काहीही न दाबता नाहीशा होऊ लागल्या. दोष त्या साधनाचा, असे पुष्कळांनी म्हटले. मला तो दुवे लिहिणाऱ्यांचा वाटतो.

येथवर अर्ज दाखल झाला. त्याचे पुढे काय करावे, याचा धडा घ्यायला संगणकशास्त्राच्या ग्रंथांकडे जाण्याआधी माळशिरसच्या तहसील कचेरीकडे पाहावे, असे मी आग्रहाने सुचवीन, कारण मालमत्तेच्या नोंदीत बदल करण्याची जी रीत महसूल खात्याने घडवली ती या विषयावरील उत्तम पाठ्यपुस्तक आहे. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंद सुरू झाली. आजचा व्यवहार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १४९ आणि १५० यांवर चालतो. जमिनीत हक्क मिळाला की माणसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला वर्दी द्यायची. तलाठी, ज्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ती वर्दी थेट सातबाऱ्यावर चढवत नाही. ती तो फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये घेतो, तिची प्रत चावडीवर लावतो आणि ज्यांचा संबंध पोहोचतो त्यांना नोटीस देतो. हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद तपासून प्रमाणित करतो. हाताने लिहिण्याच्या काळात तर सातबाऱ्यावर आधी पेन्सिलीने नोंद होई आणि प्रमाणित झाल्यावर ती शाईने पक्की होई. जुने नाव खोडून नाहीसे करायचे नाही. त्याला कंस करायचा आणि पुढे फेरफार क्रमांक घालायचा, म्हणजे पन्नास वर्षांनी कोणी नक्कल काढली तरी हे नाव कोणत्या हुकुमाने कमी झाले ते त्याला शोधता यावे.

या रीतीत किती तत्त्वे एकत्र आली आहेत पाहा. अर्ज आणि नोंद या दोन वस्तू वेगळ्या. लिहिणारा वेगळा आणि प्रमाणित करणारा वेगळा. बाधित माणसाला कळवल्याशिवाय बदल पुरा होत नाही. जुने मूल्य नष्ट होत नाही. आणि लिहिताना चूक झालीच, तर ती गुपचूप गिरवून काढायची नाही. लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी कलम १५५ स्वतंत्र आहे. प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावी, असे कलम १५७ सांगते. इतका विश्वास कायद्याने एखाद्या नोंदीवर ठेवावा, याचे कारण तिच्यामागची ही सावध चाल. आपल्या पीएचपी पानावरील एक आज्ञा मात्र जुन्या तारखेवर नवी तारीख चढवते आणि जुनी कोठेच राहत नाही. जे तलाठ्याला एका गटाच्या बाबतीत कायद्याने करता येत नाही ते आपण हजारो सभासदांच्या बाबतीत एका बटणाने करू देतो, हे मला गंभीर वाटते.

जमीनविषयक दप्तरे संगणकावर आली तेव्हा ही रीत टिकवण्याचा प्रयत्न झाला, ही समाधानाची गोष्ट आहे. पुण्याच्या जमाबंदी आयुक्तांच्या देखरेखीखाली चाललेल्या ई-फेरफार व्यवस्थेत नोंद, नोटीस, मुदत आणि प्रमाणन या पायऱ्या राहिल्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून पिकाची नोंद करू लागला. तेथे पुढच्या आवृत्तीत शेतकऱ्याला आपली नोंद ४८ तासांच्या आत एकदा दुरुस्त करण्याची मुभा आली आणि किमान १० टक्के नोंदी तलाठ्याने तपासाव्यात असे ठरले. बटण शेतकऱ्याच्या हाती दिले म्हणून तपासणी सोडली नाही. लहान संस्थांचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी हा कित्ता गिरवण्याजोगा आहे.

आता पुन्हा आपल्या पानाकडे. आलेल्या अर्जाची पहिली छाननी म्हणजे अर्जदाराचा अधिकार. पानात लपवलेल्या चौकटीत नोंदीचा क्रमांक ठेवण्याचा प्रघात आहे. ती चौकट डोळ्यांना दिसत नाही एवढेच, ती बदलणे कोणालाही शक्य असते. म्हणून हा माणूस ही नोंद बदलू शकतो काय, हे सर्व्हरने प्रत्येक खेपेस स्वतः विचारावे. अर्ज खरोखर आपल्याच पानावरून आला काय, हेही पाहावे लागते. कारण लिपिकाने आपल्या प्रोग्रामात प्रवेश केलेला असताना तो दुसरे एखादे कपटी पान उघडून बसला, तर त्या पानाला लिपिकाच्या नावे परस्पर अर्ज करता येतो. यावर उपाय असा की पान दाखवताना एक अनुमान न करता येणारी खूण सर्व्हरवरील सत्रात आणि अर्जात दोन्हीकडे ठेवावी आणि परत आल्यावर दोन्ही जुळतात काय ते पाहावे.

दुसरी छाननी मजकुराची. अर्जातील मजकूर डेटाबेसला आज्ञा देणाऱ्या एसक्यूएलच्या वाक्यात थेट चिकटवण्याने काय अनर्थ होतो, याचे वर्णन १९९८ मध्ये जेफ फॉरिस्टल याने प्रसिद्ध केले. त्याला पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी ती चूक अजून शिकवली जाते. मजकुरात एक अवतरणचिन्ह आले की वाक्य तेथे तुटते आणि पुढचा मजकूर आज्ञा म्हणून वाचला जातो. आपल्याकडे ही चूक अधिक काळ लपून राहते, याला एक विशेष कारण आहे. जाधव, माने, वाघमोडे, शिंदे या नावांत अवतरणचिन्ह नाही. त्यामुळे गावच्या माहितीवर प्रोग्राम वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतो, आणि वसईचा किंवा गोव्याचा एखादा डि'सोझा सभासद झाला की त्या दिवशी कोसळतो. तेव्हा कुठे कळते की दार पहिल्यापासून उघडेच होते. उपाय सोपा आणि जुना आहे: वाक्य आधी तयार करून त्यात मूल्यांच्या जागा मोकळ्या ठेवायच्या आणि मूल्ये वेगळी पाठवायची. पीएचपीत पीडीओ आणि मायएसक्यूएलआय या दोन्ही साधनांत ही सोय आहे. ज्याने हे केले नाही त्याचे बाकीचे सारे कौशल्य व्यर्थ आहे.

वाक्यातच आणखी एक सापळा आहे. कोणती ओळ बदलायची ती अट लिहायची राहिली, तर टेबलातील प्रत्येक ओळ बदलते. एका शेतकऱ्याची तारीख दुरुस्त करताना साऱ्या तालुक्याच्या उसाची एकाच दिवशी लागण झाल्याचे दप्तर सांगू लागते. शिवाय आज्ञा दिल्यानंतर किती ओळी बदलल्या हा आकडा विचारला, तर मायएसक्यूएल सामान्यतः जेथे मूल्य खरोखर वेगळे झाले त्याच ओळी मोजतो. लिपिकाने काही न बदलता बटण दाबले तर उत्तर शून्य येते. ते अपयश नव्हे. याउलट खरे अपयश पूर्वी मुकाट्याने गिळले जाई. पीएचपीच्या आठव्या आवृत्तीपासून पीडीओ आणि ८.१ पासून मायएसक्यूएलआय हे दोघेही चूक झाल्यास आपण होऊन अपवाद उठवतात, ही मोठी सुधारणा झाली.

मराठीत काम करणाऱ्याला काही जादा गोष्टी सांभाळाव्या लागतात, आणि त्यांची चर्चा आपल्याकडे फार कमी होते. ‘माळशिरस’ हा शब्द डोळ्यांना पाच अक्षरांचा. युनिकोडच्या हिशेबाने त्यात सात खुणा, आणि यूटीएफ-८ मध्ये साठवताना एकवीस बाइट. पीएचपीचे लांबी मोजणारे साधे फंक्शन एकवीस हाच आकडा सांगते. नावाची मर्यादा वीस अक्षरे ठेवून त्या फंक्शनाने तपासणी करणारा प्रोग्राम तालुक्याच्या नावालाच ‘फार लांब’ म्हणून परत पाठवील. टेबलाची अक्षरसंहिता बरोबर असूनही डेटाबेसशी केलेल्या जोडणीची संहिता चुकीची असली, तर सभासदाचे नाव प्रश्नचिन्हांची रांग होऊन साठते, आणि एकदा तसे साठले की मूळ नाव परत मिळत नाही. ‘गोऱ्हे’ या नावातील ऱ एका कळफलकावर एकच खूण म्हणून उमटतो आणि दुसऱ्यावर र व नुक्ता अशा दोन खुणांनी. दिसायला दोन्ही सारखे, पण पीएचपीच्या तुलनेत वेगळे. म्हणून साठवण्यापूर्वी मजकूर एका ठरावीक रूपात आणून घ्यावा.

याच मराठीपणातून एक प्रसिद्ध त्रास उद्भवतो. काम झाल्यावर ब्राउझरला दुसरीकडे जाण्यास सांगणारी आज्ञा पानाचा एकही बाइट बाहेर पडण्यापूर्वी द्यावी लागते. विंडोजच्या जुन्या नोटपॅडमध्ये मराठी मजकूर यूटीएफ-८ म्हणून जतन केला की फाइलीच्या आरंभी तीन अदृश्य बाइट जोडले जात. ते आधीच बाहेर पडत आणि आज्ञा फसे. विद्यार्थी तासन्‌तास प्रोग्राम वाचत बसे, आणि दोष प्रोग्रामात नसेच.

ती दुसरीकडे पाठवण्याची आज्ञा इतकी महत्त्वाची का, हे सांगितले पाहिजे, कारण एकाच पानाच्या पद्धतीचा सारा निभाव तिच्यावर आहे. पोस्ट विनंतीला उत्तर म्हणून थेट पान दाखवले आणि लिपिकाने ते ताजे केले, तर ब्राउझर तोच अर्ज पुन्हा पाठवतो. त्याऐवजी सर्व्हरने बदल पुरा करावा, ‘आता हे पान पाहा’ एवढेच सांगावे, आणि ब्राउझरने तेच पान गेट पद्धतीने नव्याने मागावे. मग ते कितीही वेळा ताजे केले तरी नुकसान नाही. फाइल तीच राहते, परंतु स्वीकारणे आणि दाखवणे यांच्यामध्ये एक स्पष्ट सीमा पडते. आज्ञेनंतर प्रोग्राम तेथेच थांबवण्यास मात्र विसरू नये. न थांबवल्यास खालचा भागही चालतो.

एवढ्याने दुहेरी नोंदीचा प्रश्न पुरता मिटत नाही. ग्रामीण भागात जाळे मध्येच तुटते. अर्ज पोहोचतो, काम होते, आणि पोच येण्यापूर्वी संपर्क जातो. लिपिक साहजिकच पुन्हा बटण दाबतो. लागण तारीख अमुक करा, ही आज्ञा दोनदा अमलात आली तरी फरक पडत नाही. खात्यात पाचशे रुपये मिळवा, ही आज्ञा दोनदा अमलात आली तर हजार मिळतात. म्हणून ज्या आज्ञेत मिळवणे किंवा वजा करणे आहे, तेथे प्रत्येक अर्जाला स्वतःचा क्रमांक द्यावा, डेटाबेसमध्ये तो अनन्य ठेवावा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर पहिल्याच कामाची पोच द्यावी. बारनिशीत आवक क्रमांक घालण्याचा शिरस्ता याच कारणासाठी होता.

दोन लिपिक एकाच वेळी एकच नोंद उघडून बसले, तर दुसरा प्रसंग येतो. पहिल्याने क्षेत्र दुरुस्त करून जतन केले. दुसऱ्याच्या पडद्यावर जुनेच क्षेत्र होते, त्याने केवळ जात बदलून जतन केले, आणि पहिल्याची दुरुस्ती पुसली गेली. दोघांनीही काही चूक केलेली नाही. नोंदीला आवृत्ती-क्रमांक जोडावा, बदलाच्या अटीत ‘मी पाहिलेला क्रमांक अजून तोच असेल तरच’ असे घालावे, प्रत्येक बदलागणिक तो एकाने वाढवावा, आणि एकही ओळ बदलली नाही तर लिपिकाला सांगावे की मधल्या काळात ही नोंद कोणीतरी बदलली आहे. ज्या बदलात दोन-तीन टेबले गुंतलेली असतात तो एका व्यवहारात बांधावा, म्हणजे सर्व होईल किंवा काहीच होणार नाही; मायएसक्यूएलच्या ५.५ आवृत्तीपासून त्याचे मूळ साठवण-यंत्रच अशा व्यवहारांना समर्थ आहे.

पान न बदलता पडद्यामागून विनंती पाठवण्याची पद्धत २००५ नंतर सर्वत्र पसरली आणि तिने पाने चपळ झाली, हे खरे. पण तिच्यामुळे वर सांगितलेल्या छाननीतील एकही पायरी कमी होत नाही. उलट चूक झाल्याचे लिपिकाला दाखवण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. कमकुवत जाळ्यावर साधा अर्ज अधिक भरवशाचा, असे मी मानतो.

मग हे सारे एकाच फाइलीत ठेवावे काय? एक नमुना, एक टेबल आणि एक-दोन बटणे असतील तोवर खुशाल ठेवावे. वरच्या भागात स्वीकार, मध्ये सीमा, खाली दर्शन, आणि पडद्यावर जाणारा प्रत्येक मजकूर निर्धोक करून. बटणे पाच-सहा झाली, मंजुरीच्या पायऱ्या आल्या किंवा तेच नियम दुसऱ्या पानावर लागू लागले, की स्वीकाराचा भाग वेगळ्या फाइलीत न्यावा. फाइली किती असाव्यात हा सोयीचा प्रश्न आहे. छाननीचा क्रम मात्र सोयीचा नाही.

अकलूज, नातेपुते, वेळापूर किंवा माळशिरस येथे बसून संस्थांचे असे प्रोग्राम लिहिणाऱ्या तरुणांना माझी एकच विनंती आहे. पुढचा गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी आपल्या डेटाबेसमध्ये आणखी एक टेबल घाला: कोणती नोंद, कोणती चौकट, जुने मूल्य, नवे मूल्य, कोणी बदलले, केव्हा आणि कोणाच्या सांगण्यावरून. ‘जतन करा’ दाबल्यावर मुख्य टेबल बदलणाऱ्या व्यवहारातच या टेबलातही एक ओळ पडू द्या, ती ओळ काढण्याचा अधिकार कोणालाच, स्वतःलाही, ठेवू नका, आणि ज्याची तारीख बदलली त्या शेतकऱ्याला ती ओळ मागताक्षणी छापून देण्याची सोय त्याच पानावर करा.